मायकोरायझाचं पाकीट दुष्काळात पण चालतं आणि पुरात पण? कुणी वापरलंय का?

येळ्ळूर_शिवार :
नमस्कार मंडळी. थेट विचारतो. हल्ली कुठल्याही अ‍ॅग्रो दुकानात गेलं की काउंटरवर मायकोरायझाचं, म्हणजे पिकाच्या मुळात राहणाऱ्या बुरशीचं, पाकीट ठेवलेलं असतंय आणि दुकानदार म्हणतो की ताण सहन करायची ताकद येते, पाऊस पडो न पडो पीक हलत नाही. आमचं शिवार बळ्ळारी नाल्याच्या अंगाला. नाला फुगला की भात आठ आठ दिवस पाण्याखाली, आणि पुढच्या एखाद्या वर्षी आभाळाकडं बघत बसायचं. २०१९ ला सगळं बुडालं, २०२३ ला कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. खरिपात बासमती आणि थोडी रताळी, भातावर मसूर वाटाणा, एका तुकड्यात कोबी असं आमचं चालतं. तर ही बुरशी खरंच दोन्हीकडं कामाला येते का, पाण्यात पण आणि उन्हात पण? की नुसतं खिसा हलका करायचं काम? वापरलेल्यांनी सांगा, यूट्यूब मी पण बघतो.

निपाणी_नाका :
पैसे देऊन बुरशी? आमच्या तंबाखूच्या गादीवाफ्यावर या की ओ, पाहिजे तेवढी न्या 😀

प्रयोगशाळेतला_उंदीर :
निपाणीकर, ती रोपं कोलमडवणारी वेगळी, ही वेगळी. ही मुळाला मारत नाही, मुळाच्या आत राहून त्याच्याशी देवघेव करते.

येळ्ळूर दादा, मी धारवाडला कृषी सूक्ष्मजीवशास्त्र करतोय, घर आपल्या बेळगावातच, त्यामुळं तुमचा नाला चांगला ओळखतो. जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, ही बुरशी तुमच्या रानात आधीच आहे. जमिनीवरच्या ७० टक्क्यांहून जास्त वनस्पती हिला मुळात थारा देतात. भात, मका, ज्वारी, ऊस, सोयाबीन, भुईमूग, मिरची, रताळं, काजू, आंबा सगळे त्यात आले. नातं पण जुनंच. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी म्हणून गाव आहे तिथल्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती सापडल्या, त्यांना धड मुळं सुद्धा नव्हती पण पेशीत ही बुरशी होती. मायकोरायझा हे नाव मात्र त्या मानानं कालचं, फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये ठेवलेलं.

काम काय करते तर मुख्य स्फुरद आणून देते. स्फुरद मातीत हलत नाही, मुळाच्या अगदी लगतचा संपला की पलीकडं असून झाड उपाशी. बुरशीचे तंतू मुळावरच्या केसापेक्षा बारीक, ते मातीच्या कणांमधल्या फटीतून काही सेंटीमीटर पुढं जातात आणि तिथला स्फुरद, जस्त ओढून आणतात. बदल्यात झाड आपण बनवलेल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा साखर आणि स्निग्ध पदार्थाच्या रूपात तिला देतं. आता बघा, हा वाटा थोडाथोडका नाही. झाड तो कधी देतं आणि कधी हात आखडतं यावरच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

शंकासूर :
चला, एक पाकीट विकलं गेलं.

प्रयोगशाळेतला_उंदीर :
शंकासूर, पाकिटावर येतो, थांबा जरा.

दुष्काळाचं आधी सांगतो. माती वाळली की आकसते, मूळ पण आकसतं, दोघांच्या मध्ये हवेची फट पडते आणि माती अजून जराशी ओली असली तरी पाण्याचा धागा तुटतो. तंतू ती फट ओलांडून पलीकडं गेलेले असतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात रानटी ओटची झाडं एका कप्प्यात, पाणी दुसऱ्या कप्प्यात आणि मध्ये हवेची फट ठेवली, मूळ पलीकडं जाऊच शकत नाही फक्त तंतू जाऊ शकतात. पाण्याला खूण केलेली होती आणि ते खुणेचं पाणी झाडात सापडलं, तेही बहुतेक तंतूच्या बाहेरच्या अंगानं सरकत आलेलं. शिवाय बुरशी असलेल्या झाडाची पानावरची रंध्रं ताणात वेगळी वागतात, पेशीत पाणी धरून ठेवणारं प्रोलीनसारखं द्रव्य कमीजास्त होतं, आणि मातीचे कण तंतूंनी बांधले गेल्यानं रवाळ मातीत ओल टिकते. पण माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा साधाच आहे, ज्याचं पोट आधीपासून भरलेलं ते रोप ताण जास्त काढतं.

आता दुसरी बाजू, दुकानदार सांगत नाही ती. ताण लांबला की झाड रंध्रं मिटून बसतं, अन्न बनणं बंद, मग बुरशीला देणार काय? थोडक्या ताणात जोडी फायद्यात राहते, कडक ताणात दोघंही उपाशी आणि कधीकधी बुरशी झाडाला ओझं पण होते. म्हणून कुठल्या अभ्यासात दुष्काळात मुळातली बुरशी वाढलेली दिसते, कुठं घटलेली. दोन्ही खरं, ताण किती, किती दिवस आणि पीक कुठलं त्यावर आहे.

अथणी_ऊस :
म्हंजे वाट्यानं लावलेल्या जमिनीगत झालं की हे. मालक बी-खत देतोय तोवर वाटेकरी राबतोय, मालकाचं हात आखडलं की वाटेकरी दुसऱ्याच्या बांधावर.

प्रयोगशाळेतला_उंदीर :
अण्णा, बरोबर पकडलात, आणि ते दोन्ही बाजूंनी चालतं. २०११ मध्ये टोबी किअर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी सायन्स या संशोधनपत्रिकेत हेच दाखवलं. एकाच झाडाच्या मुळावर दोन-तीन जातींच्या बुरशी ठेवल्या तर जी जास्त स्फुरद देते तिला झाड जास्त साखर देतं आणि बुरशी पण जे मूळ जास्त साखर देतं तिकडं जास्त स्फुरद वळवते. भोळाभाबडा परोपकार नाही तो, रोकडा व्यवहार आहे.

म्हणूनच डीएपीचा, म्हणजे स्फुरदाच्या खताचा, मारा केला की झाड म्हणतं मला तुझी गरज नाही. स्फुरद भरपूर असला की मुळातून स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन सुटायचं कमी होतं, बुरशीला बोलावणंच जात नाही. मग पावसानं ताण दिला की बोलावून लगेच येत नाही ती.

अथणी_ऊस :
स्ट्रिगा म्हंजे आपला टारफुला न्हवं, ज्वारी-उसाच्या मुळावर जगणारं तण?

प्रयोगशाळेतला_उंदीर :
तोच! त्या रसायनाला नावच टारफुल्यावरून पडलंय. आधी एवढंच माहीत होतं की ज्वारी-उसाच्या मुळातून सुटणाऱ्या या रसायनावर टारफुल्याचं बी उगवतं. मग प्रश्न पडला की झाड आपल्या शत्रूला हाक कशाला मारेल? २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की हाक बुरशीला आहे, टारफुला चोरून ऐकतो. रोचक म्हणजे मुळात बुरशी चांगली बसली की ही हाक कमी होते, त्यामुळं काही प्रयोगांत टारफुला पण कमी उगवलेला दिसलाय. पण म्हणून टारफुल्यावर औषध म्हणून कुणी मायकोरायझा विकत असेल तर घेऊ नका.

अथणी_ऊस :
आमच्यात टारफुल्यापरास पाण्याचं रडगाणं हाय. कृष्णेकाठाला पाटपाणी देऊन देऊन जमिनी खारवट झाल्या, एका अंगाला पांढरं फुटलंय, आणि उगारच्या पलीकडं कोरडवाहूत प्यायला पाणी नाही. एकाच तालुक्यात दोन्ही. खारवट रानात ही बुरशी टिकते का?

प्रयोगशाळेतला_उंदीर :
काही जाती टिकतात. खारवट जमिनीतून काढलेल्या जाती तिथं चांगल्या चालतात आणि झाडात सोडियम कमी, पालाश जास्त असं प्रमाण राखायला मदत करतात. पण निचराच नसेल तर बुरशी काय करणार अण्णा, आधी चर काढा. उसात तुमच्या हातातली दुसरी गोष्ट म्हणजे पाचट. जाळू नका, आच्छादन करा, आणि खोडव्यात रोटाव्हेटर कमी फिरवा. तंतूंचं जाळं वरच्या थरातच जास्त असतं आणि रोटाव्हेटरनं त्याचा भुगा होतो. खोडवा हे खरं तर या बुरशीला सोयीचं पीक, मूळ जिवंत राहतं, मध्ये रान मोकळं पडत नाही.

खानापूर_जांबोटी_रोड :
मधेच विचारते, सॉरी. आमच्याकडं पावसाळ्यात वारुळावर अळंबी येतात, आई ती काढून आणते, गोव्याकडून गाड्या थांबवून लोक विकत घेतात. ती पण मायकोरायझाच का? म्हणजे ती काढली तर झाडाचं नुकसान का?

चोर्लेघाट :
नाही हो ताई. वारुळावरची अळंबी वाळवीची. वाळवी वारुळात पाला-लाकूड चावून बाग करते आणि त्या बागेतली बुरशी ती, झाडाच्या मुळाशी संबंध नाही. तरी वारूळ खणून काढू नका, वरची अळंबी तेवढी घ्या आणि थोडी उमलायला ठेवा, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

उंदीर सांगतोय त्या शेतातल्या बुरशीला छत्री येतच नाही. तिचे बीजाणू मातीतच असतात, डोळ्याला दिसतील न दिसतील एवढे.

पण मुळाशी नातं असलेली आणि वर दिसणारी बुरशी बघायची असेल तर खानापूर भागात जुन्या निलगिरीच्या लागवडीत जा. पहिला पाऊस झाला की झाडाखाली बटाट्याएवढे कडक गोळे निघतात, बाहेरून मळकट पिवळे, सोलून निघाल्यासारखी खवल्यांची साल, आणि बोटानं दाबून फोडलं तर आतून काळपट-जांभळी पूड उडते. हा दुसरा प्रकार, मुळाच्या पेशीत न शिरता मुळाला बाहेरून वेढून राहणारा. आपल्या घाटातली बहुतेक रानझाडं मात्र शेतातल्यासारखीच, आतल्या बुरशीवाली.

या बाहेरून वेढणाऱ्या प्रकाराचं हवामानाशी मोठं गणित आहे. थंड प्रदेशातले पाइन, ओक, बर्च यांना ही लागते. २०१९ मध्ये नेचरमध्ये जगभरच्या जंगलांचा नकाशा आला होता, त्यात अंदाज दिला होता की उत्सर्जन असंच चाललं तर २०७० पर्यंत या बुरशीवाल्या झाडांचं प्रमाण जास्तीत जास्त दहा टक्क्यांनी कमी होईल आणि आतल्या बुरशीवाली झाडं त्यांची जागा घेतील. ऐकायला आपल्याला बरं वाटेल पण बाहेरून वेढणारी बुरशी मातीत कर्ब जास्त धरून ठेवते, त्यामुळं तो सौदा महाग आहे.

शंकासूर :
झाडं बुरशीतून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना खाऊ घालतं, हे पण येऊ द्या की आता. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतंय.

चोर्लेघाट :
शंकासूर, यावेळी तुमच्या बाजूनं बोलतो. १९९७ मध्ये सुझान सिमार्डनी कॅनडात डग्लस फर आणि बर्च या दोन झाडांत खुणेचा कर्ब इकडून तिकडं गेलेला दाखवला, तो प्रयोग खराच. पण त्यावरून पुढं जे इमले रचले गेले त्यावर २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या तिघांनी नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन मध्ये परखड लिहिलं, की खऱ्या जंगलात असं जाळं सगळीकडं आहे, त्यातून झाडं एकमेकांना पोसतात, आई आपल्या पिल्लाला ओळखते, याला पुरावा अपुरा आहे. त्यामुळं गोड गोष्टी सोडून द्या.

मला त्यापेक्षा अ‍ॅरिझोनातलं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथं पिनयॉन पाइन म्हणून झाड आहे. मोठ्या दुष्काळात काही झाडं टिकली, काही शेजारीच वाळली. दुष्काळ सोसणाऱ्या झाडांच्या मुळावर जिओपोरा नावाच्या बुरशीचं राज्य, न सोसणाऱ्यांच्या मुळावर वेगळीच मंडळी. २०१७ मध्ये त्यांनी रोपांवर करून बघितलं तर टिकाऊ आईच्या बियांची रोपं तीच बुरशी जवळ करतात आणि त्या बुरशीमुळंच ताण काढतात, बुरशी काढून घेतली तर तो गुण जातो. म्हणजे दुष्काळ सोसायचा गुण नुसता बियात नाही, बी कुणाला मुळात घेतं त्यात पण आहे. आपण बियाणं निवडताना हे कुणी बघतो का? जास्त खत पिऊन जास्त उतारा देणारं बघतो.

येळ्ळूर_शिवार :
हे भारी आहे सगळं पण माझा पुराचा प्रश्न राहिला की ओ. २०१९ च्या पुरानंतर पुढच्या हंगामात नाल्याकडच्या पट्ट्यात मका टाकला होता. पानं जांभळी पडली, कडेपासून आत, खालची पानं आधी, आणि उंची गुडघ्याला अडकली. वरच्या पट्ट्यात तेच बियाणं, तेच खत, हिरवंगार. माती तपासून आणली तर स्फुरद भरपूर म्हणून आलं. दुकानदार म्हणाला डीएपी घाला. घातलं, म्हणावा तसा फरक नाही.

प्रयोगशाळेतला_उंदीर :
दादा हे आधी सांगायचं की! हे पुस्तकातलं उदाहरण आहे. जांभळी पानं म्हणजे झाडाला स्फुरद न मिळाल्याची खूण.

ही बुरशी हवेवर जगते. पाणी तुंबलं, मातीतली हवा संपली, वर जिवंत पीक नाही, की ती घटते. अमेरिकेत १९९३ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, जमिनी कितीतरी दिवस पाण्याखाली पडून राहिल्या, आणि पुढच्या वर्षी तिथल्या मक्याची पानं जांभळी, वाढ खुंटलेली, माती तपासली तर स्फुरद हवा तेवढा. कारण निघालं ते हेच, आणणाराच मेला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत, म्हणजे आपल्या काळ्या रानासारख्याच, उलट कारणानं तेच होतं. दुष्काळामुळं रान वर्षभर पडीक ठेवायचं आणि मग पेरलं की पीक उठत नाही. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात त्याचा संबंध या बुरशीशी लावला. पूर असो की पडीक, मूळ नाही म्हणजे तिला खायला नाही.

आता एक सावधगिरी. मका जांभळा पडायला गारठा, चिखलात ट्रॅक्टर फिरून दबलेली जमीन ही पण कारणं असतात. तुमच्या पट्ट्यात थोडं थोडं सगळंच असेल. पण वरच्या पट्ट्यात तेच बी तेच खत आणि तपासणीत स्फुरद भरपूर हे ऐकून माझा संशय बुरशीवरच जातो.

येळ्ळूर_शिवार :
मग भातात तर दरवर्षीच पाणी उभं असतं. म्हणजे भाताच्या रानात ही कधी राहतच नाही का?

खानापूर_जांबोटी_रोड :
आमच्याकडं रोपलावण अलीकडं आली, बाबा अजून निम्म्या रानात मे अखेरीला कुरीनं धूळवाफ पेरणी करतात. कोरड्या मातीत भात पेरायचं आणि पाऊस येईल तेव्हा येईल. बाबांचं म्हणणं की पाऊस मध्ये पंधरा दिवस गडप झाला तर पेरलेलं भात तग धरतं, लावणीचं आधी पिवळं पडतं. याचा काही संबंध?

प्रयोगशाळेतला_उंदीर :
ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. संबंध आहे. पेरलेल्या भाताला पाणी साचायच्या आधी काही आठवडे हवेशीर माती मिळते, तेवढ्यात बुरशी मुळात शिरून बसते. पुढं पाणी उभं राहिल्यावर ती वाढत नाही, कमी होते, पण भाताच्या मुळात वरून हवा खेळत असते त्यामुळं आत शिरलेली काही तग धरते. चिखलणी करून लावलेल्या रोपाला ही संधीच नसते. तग धरण्याचं दुसरं कारण मुळांची खोली हे पण आहेच, पेरलेल्या भाताचं मूळ उपटून पुन्हा लावलेलं नसतं, खाली गेलेलं असतं. दोन्ही एकाच दिशेला.

आणि येळ्ळूर दादा, तुमचं मसूर-वाटाणा हे नकळत चांगलं चाललंय. भात निघाल्या निघाल्या ओलीवर कडधान्य पडतं, रान मोकळं राहत नाही आणि दोन्ही पिकं बुरशीला धार्जिणी. मी बेळगावाजवळच्या एका रानातली मसुराची मुळं शिजवून बघितलीत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून मूळ पारदर्शक करायचं, मग व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई कालवून त्यात रंगवायचं, एवढं साधं. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या पेशी ओळीनं दिसतात आणि एकेका पेशीच्या आत निळं बारीक फांद्यांचं झुडूप भरलेलं, तिथंच देवघेव चालते. मध्येमध्ये अंड्याच्या आकाराचे फुगे, त्यात बुरशीनं तेलाच्या रूपात शिल्लक टाकलेली. कोबीच्या मुळाचं तसंच केलं तर काही नाही. स्वच्छ.

पुण्यात_अडकलेली_बेळगावकर :
कोबीत काही नाही म्हणजे?

प्रयोगशाळेतला_उंदीर :
कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे एक घराणं आणि पालक, बीट हे दुसरं, यांनी हे नातंच सोडलंय. पाकीट ओतलंत तरी लागणार नाही. दुकानदार कोबीला मायकोरायझा देत असेल तर त्याला विचारा कुठल्या मुळात राहणार म्हणून.

शंकासूर :
आता तरी पाकिटावर या.

प्रयोगशाळेतला_उंदीर :
आलो. पाकीट खोटं असं नाही. आपल्याकडं यावर जुनं काम आहे, बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. बागयराज यांनी कितीतरी वर्षं यावर घालवली, दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेनं प्रयोगशाळेत मुळांवर ही वाढवायचं तंत्र बसवलं, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात नंतर ती जैविक खत म्हणून घेतलेली आहे. अडचण अशी की ही जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, रायझोबियम जिवाणूसारखी बाटलीत ढवळून करता येत नाही, त्यामुळं करणं खर्चिक आणि फसवणं सोपं. उन्हात तापलेल्या गोदामात पडलेलं पाकीट घेतलंत तर आत पावडरच. परदेशात विकतची पाकिटं तपासली तेव्हा निम्म्याहून कितीतरी जास्त पाकिटांतून मुळाला काहीच लागलं नाही.

घ्यायचंच असेल तर परवान्याचा क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि ग्रॅममागे जिवंत बीजाणू-तंतू किती हे छापलंय का बघा. वरून फेकू नका, बीजाणू चालत जात नाहीत, बियाच्या किंवा रोपाच्या मुळाला लागतील असे खाली द्या. त्याच बियाला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळलं असेल तर एका हातानं दिलं दुसऱ्यानं काढलं असं होईल. आणि खरा उपयोग कुठं? रोपवाटिकेत, म्हणजे निर्जंतुक माध्यमात वाढवलेल्या रोपांना, मिरची काजू आंबा कलमं. किंवा पुरानं, वर्षभराच्या पडीकानं मेलेल्या रानाला. चांगल्या चालत्या रानात घरची बुरशी असतेच, तिथं बाहेरची टिकेल याची खात्री नाही.

निपाणी_नाका :
मग घरी करता येत नाही का? आमच्याकडं सगळं घरी होतंय, दारू सोडून.

प्रयोगशाळेतला_उंदीर :
येते करता. बांधावरची, घाणेरी-गवताखालची, कधी न नांगरलेली, खताचा दाणा न पडलेली माती वरच्या वीतभर थरातलीच घ्या, बारीक मुळांसकट. वाळूत मिसळा, पिशव्या किंवा छोटा वाफा भरा, त्यात मका नाहीतर नाचणी-ज्वारी दाट लावा. स्फुरदाचं खत अजिबात नको. दोन-तीन महिने वाढू द्या, शेवटी आठ-दहा दिवस पाणी तोडा म्हणजे बुरशी बीजाणू धरते, मग वरचं कापून मुळं बारीक चिरून मातीसकट वापरा. पेरणीत ओळीखाली, रोपाला खड्ड्यात मूठभर. एक भीती आहे, त्या मातीत सूत्रकृमी किंवा मररोग असेल तर तो पण वाढेल, म्हणून जिथं मिरची-वांगी मरतात त्या रानातली माती घेऊ नका, आणि मिरचीला लावायचं असेल तर वाढवायला धान्याचंच पीक घ्या.

चोर्लेघाट :
माझा आग्रह, बांधच राखा. जगभरच्या मातीतल्या बुरशीचा नकाशा २०२५ मध्ये आला, त्यात समृद्ध जागांपैकी दहा टक्के सुद्धा संरक्षित क्षेत्रात नाहीत असं निघालं. बाकीच्या राखणीशिवाय. आपल्या हातात आहेत ते असले बांध, कुरणं, गायरानं. आपल्याकडं ट्रॅक्टर वळायला जागा पाहिजे म्हणून बांध कोरून कोरून दोरीएवढा करूलालेत लोक.

पुण्यात_अडकलेली_बेळगावकर :
मी वाचलं होतं की ही बुरशी वर्षाला १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडएवढा कर्ब मातीत नेते, म्हणजे हवामान बदलावर हाच उपाय. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाड जास्त साखर करेल, बुरशीला जास्त मिळेल, चांगलंच की मग?

प्रयोगशाळेतला_उंदीर :
ताई तो २०२३ चा आकडा, आणि तो झाडाकडून बुरशीला जातो तेवढा, मातीत कायम राहतो तेवढा नाही. बराचसा तंतू मेले की परत हवेत. दुसरं, जास्त कार्बन डायऑक्साइडचं खत सगळ्यांना सारखं लागत नाही. २०१६ मध्ये सायन्समध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब आला, बाहेरून वेढणाऱ्या बुरशीवाली झाडं नत्र कमी असला तरी जोरात वाढली, पण आतल्या बुरशीवाल्यांना, म्हणजे आपल्या पिकांच्या प्रकाराला, नत्र कमी असेल तर फारसा फायदा नाही. त्यात उष्णता. माती ३० अंशांच्या आसपास असेपर्यंत बरं चालतं, चाळिशीकडं गेली की बहुतेक जाती मंदावतात, आणि एप्रिलमध्ये अथणीकडच्या उघड्या काळ्या रानाचा वरचा थर त्याच्या पुढं जातो. सावली किंवा आच्छादन असेल तर तसं होत नाही.

अथणी_ऊस :
पाचट जाळायचं बंद करतो यंदा. शेजारी जाळतोय त्याची ठिणगी येते ते वेगळं.

येळ्ळूर_शिवार :
उंदीर सर, शेवटचं. कोबीचा तुकडा फेब्रुवारीत मोकळा होतो, जूनला तिथं रताळ्याचा वेल लावायचा विचार आहे. म्हणजे आधी कोबी ज्याला बुरशी चालत नाही, मग चार महिने उघडं रान, मग रताळी. वाईट क्रम आहे का?

प्रयोगशाळेतला_उंदीर :
सर नको ओ, लहान आहे मी. क्रम वाईट आहे, रताळं या बुरशीवर बरंच अवलंबून असतं. कोबीला स्फुरद भरपूर घातलेला असणार, त्यामुळं रताळ्याला डीएपी देऊ नका, माती तपासून ठरवा. वळिवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्या तुकड्यात चवळी किंवा ताग टाका, दोन्ही बुरशीवाले, महिना-सव्वा महिना मिळाला तरी पुरे. मग रोटाव्हेटर न घालता कापून तिथंच पाडा आणि फक्त सरी ओढा. मसुराच्या रानातली मुळांसकट माती टोपलीभर आणून वेल लावताना सरीत टाकलीत तर पाकिटाची गरजच नाही. एक सरी तशीच सोडा, काही न टाकता, म्हणजे काढणीला फरक कळेल.

येळ्ळूर_शिवार :
सोडतो एक सरी. आणि नाल्याकडच्या पट्ट्यातली मुळं धुऊन देतो तुमच्याकडं, कशात ठेवून आणायची? फ्रीजमध्ये ठेवली तर घरात ओरडतात.

प्रयोगशाळेतला_उंदीर :
फ्रीज नको. बारीक मुळं घ्या, जाड नकोत, माती धुवा आणि मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये निम्मं पाणी घालून छोट्या बरणीत बुडवून ठेवा. बरणीवर पट्टा कुठला ते पेन्सिलीनं लिहा, स्पिरिटनं पेनची शाई जाते. नाल्याकडची एक आणि वरच्या पट्ट्यातली एक अशा दोन आणा. शनिवारी मी घरी असतो.